यंत्र बसवले, पण पिशवी झाडली का?

शनिवारी रात्री दवाखाना बंद करायच्या वेळेला आमच्या गावातले एक मिस्त्री हमखास यायचे. पायरीवरच थोडे थांबायचे, दम खायचे आणि मग आत येऊन खुर्चीत बसायचे. वय अठ्ठेचाळीस. वयाच्या चौदाव्या वर्षापासून हातात रंधा. दारे, खिडक्या, देव्हारे, चौरंग, पाट, सगळे काम उत्तम. बाजारपेठेतल्या निम्म्या घरांचे दरवाजे त्यांच्याच हातचे आहेत. माझ्या दवाखान्याचा दरवाजाही.

चार वर्षांपूर्वी त्यांना खोकला सुरू झाला. पुढे छातीत शिट्टी वाजू लागली, रात्री धाप लागू लागली. एक्स-रे काढला, तो स्वच्छ होता. जिल्ह्याच्या गावी पाठवून श्वासाची तपासणी करून आणली. दमा निघाला. विडी ते कधीच ओढत नव्हते. लाकडाच्या भुशामुळे हा त्रास होत असणार, हे माझ्या ध्यानात आले आणि मी त्यांना सांगितले, "मिस्त्री, भुसा ओढून घेणारे यंत्र मिळते. ते कारखान्यात बसवा. नाहीतर औषधांचा उपयोग नाही."

मिस्त्रींनी पतपेढीचे कर्ज काढून यंत्र बसवले. पहिले पाच-सहा महिने बरे गेले. पंप दिवसातून एकदा घेतला तरी पुरायचा. मग पुन्हा शनिवारची फेरी सुरू झाली. मी औषध वाढवले. तरी फरक पडेना. मला वाटले, हे पंप नीट घेत नसणार. एकदा तर मी जरा रागावूनच बोललो, "यंत्र घेतलंत, आता भुशाचं कारण सांगू नका. औषध वेळेवर घ्या." मिस्त्री काही बोलले नाहीत. मान हलवून गेले.

वाचकहो, ती माझी चूक होती. आजचा लेख त्या चुकीबद्दलच आहे.

गणपतीचे पाच दिवस

गणपतीत मिस्त्री आपल्या मूळ गावी गेले आणि परतल्यावर सहज बोलता बोलता म्हणाले, "डॉक्टर, गावाला पाच दिवस पंपाला हात लावला नाही. आरतीला खड्या आवाजात ओरडलो. परत आलो, दोन दिवस काम केलं, की झालं पहिल्यासारखं."

हे ऐकल्यावर माझे डोळे उघडले. सुटीत बरे वाटते आणि कामावर आले की त्रास होतो, ही धंद्यातून होणाऱ्या दम्याची मोठी खूण आहे. मी त्यांना फुंकर मारून पाहायची साधी नळी दिली. तिला पीक फ्लो मीटर म्हणतात. दिवसातून चार वेळा फुंकायचे आणि आकडा वहीत लिहायचा, कामाच्या दिवशीही आणि सुटीच्या दिवशीही. तीन आठवड्यांनी वही पाहिली. घरी असलेल्या दिवशी आकडा ४२० च्या आसपास, कामाच्या दिवशी संध्याकाळी ३०० च्या खाली. पंप तोच, माणूस तोच. फरक फक्त जागेचा होता.

मग मी एका गुरुवारी दुपारी स्कूटर काढून त्यांच्या कारखान्यात गेलो. बर्नार्दिनो रामाझिनी नावाच्या इटालियन वैद्याने १७०० साली कामगारांच्या आजारांवर ग्रंथ लिहिला. रोग्याला इतर प्रश्नांबरोबर 'तू काम काय करतोस?' हेही विचारा, असे त्याने वैद्यांना सांगितले. मी विचारले होते, पण पाहायला गेलो नव्हतो.

कवडशात काय दिसले

सिमेंटच्या पत्र्याची लांबट शेड. एका बाजूला गोल करवत, मध्ये रंध्याचे मशीन, टोकाला घासायचे सँडर. कोपऱ्यात भुसा ओढणारे यंत्र उभे. खाली मोटर आणि पंखा, त्याच्या बाजूला दोन पिशव्या. वरची कापडाची, तिच्यातून हवा गाळून बाहेर पडते. खालची प्लास्टिकची, तिच्यात भुसा साठतो. त्यातून निघालेल्या नळ्या मशीनपर्यंत नेलेल्या.

पत्र्याच्या भोकातून उन्हाचा एक कवडसा आत आला होता. मिस्त्रींचा एकोणीस वर्षांचा मुलगा सँडरवर फणसाची फळी घासत होता. मी त्याला थांबायला सांगितले. हवा जरा निवळली, कवडसा पातळ झाला. मग मी म्हटले, "आता नुसतं ते ओढायचं मशीन चालू कर."

त्याने बटण दाबले. कुठलेही लाकूड कापले जात नव्हते. तरी कवडसा बघता बघता दुधासारखा पांढरा झाला. धूळ यंत्रातूनच बाहेर येत होती!

मिस्त्री माझ्याकडे पाहत राहिले. ज्या यंत्रासाठी कर्ज काढले, तेच घरभर धूळ फेकत होते आणि मी त्यांना औषध वेळेवर घेत नाही म्हणून रागावत होतो.

दिसतो तो भुसा वेगळा, बाधतो तो वेगळा

असे का होते, हे समजून घ्यायला हवे. रंध्याच्या ढलप्या आणि करवतीचा जाडा भुसा फुफ्फुसात जात नाही. तो नाकातच अडकतो, शिंकून बाहेर पडतो. घात करते ती बारीक धूळ. मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन. आपल्या डोक्याचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १० मायक्रॉनपेक्षा बारीक कण नाकाची चाळणी ओलांडून श्वासनळीत उतरतात आणि त्याहून बारीक कण थेट फुफ्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. हे कण एरवी डोळ्याला दिसत नाहीत, फक्त कवडशात चमकतात. हवेत ते तासन्‌तास तरंगत राहतात.

स्वस्त यंत्राबरोबर येणाऱ्या साध्या कापडी पिशवीतून ३० मायक्रॉनपर्यंतचे कण पार होऊ शकतात. म्हणजे ढलप्या आत राहतात, जमीन स्वच्छ दिसते, मालक समाधानी होतो. पण जी धूळ बाधते ती पिशवीतून गाळून, सगळ्यांच्या नाकाच्या उंचीवर परत हवेत सोडली जाते. यंत्र आहे म्हणून तोंडाला फडकेही कोणी बांधत नाही. यंत्र नसते तर माणूस निदान सावध राहिला असता.

यंत्राचे चार आजार

आम्ही दोघांनी मिळून त्या यंत्राची तपासणी केली. रोग्याला तपासावे तशी. चार दोष निघाले.

पहिला, वरची पिशवी. आणल्यापासून ती झाडलीच नव्हती. आतून धुळीचा जाड थर बसून कापड पत्र्यासारखे ताठ झाले होते. पावसाळ्यातल्या दमट हवेने तो थर आणखी घट्ट झाला होता. हवेला वाट न मिळाल्याने ती शिवणीतून आणि पट्ट्याच्या फटीतून धूळ घेऊन बाहेर पडत होती. पट्ट्याजवळच्या राखाडी रेघा त्याचीच साक्ष देत होत्या.

दुसरा, खालची पिशवी. ती गळ्यापर्यंत भरली होती. आत भुसा बसायला जागाच नसली की हवा तो पुन्हा उडवते आणि वरच्या पिशवीत नेऊन कोंबते.

तिसरा, नळी. सँडरला जोडलेली लवचिक नळी एका वळणावर फाटली होती आणि तिच्यावर चिकटपट्टी गुंडाळली होती. पट्टी सुटली होती. मी पंजाभर लांबीचा सुती दोरा नळीच्या तोंडाशी धरला. तो जेमतेम हलला. फाटलेल्या जागी धरला, तर झटकन आत ओढला गेला. नळीत ओढ होती, पण ती चुकीच्या जागी खर्च होत होती.

चौथा दोष माझ्या बुद्धीपलीकडचा होता. तो वायरमनने शोधला. चार महिन्यांपूर्वी मोटर जळाली म्हणून ती रिवाइंडिंगला दिली होती. परत बसवताना तीन फेजपैकी दोन तारांची अदलाबदल झाली आणि पंखा उलटा फिरू लागला. गंमत अशी, की अशा जातीचा पंखा उलटा फिरला तरी हवा त्याच दिशेने ढकलतो, पण फारच कमी. त्यामुळे कोणाला संशय येत नाही. यंत्र चालू आहे, आवाज होतो आहे, पिशवी थोडी फुगली आहे. पंख्याच्या कवचावर दिशेचा बाण कोरलेला होता, तो भुशाखाली झाकला गेला होता. वायरमनने दोन तारा बदलल्या आणि दोरा टणकन ताठ झाला.

काय काय होऊ शकते

लाकडाची धूळ म्हणजे नैसर्गिक वस्तू, तिने काय होणार, असे पुष्कळांना वाटते. तसे नाही. तिने नाक वाहते, डोळे चुरचुरतात, खोकला आणि दमा होतो. साग आणि शिसवी यांच्या धुळीने काहींच्या हातांवर व मानेवर खाजरे पुरळ उठते.

इंग्लंडमध्ये बकिंगहॅमशायर परगण्यात हाय विकम नावाचे खुर्च्या बनवणारे जुने गाव आहे. तेथील कान-नाक-घशाच्या तज्ज्ञ एस्मी हॅडफील्ड यांच्या १९६० च्या दशकात लक्षात आले, की नाकाच्या आतला एक अत्यंत दुर्मीळ कर्करोग फर्निचर कामगारांमध्ये वारंवार दिसतो आहे. पुढे संशोधन झाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाच्या धुळीला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातले. प्लायवुड आणि एमडीएफच्या सरसात असणारे फॉर्मल्डिहाइड हेही त्याच गटात आहे. एमडीएफ कापताना निघणारी धूळ तर पिठाहून मऊ असते.

घाबरून जाऊ नये. हा कर्करोग फार थोड्यांना होतो आणि तोही बहुधा वर्षानुवर्षे धुळीत काम केल्यावर. पण पन्नाशीच्या सुताराचे नाक एकाच बाजूने सतत चोंदत असेल किंवा त्यातून रक्त येत असेल, तर सर्दी समजून बाम चोळत बसू नये. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे.

हवेत किती धूळ चालेल याच्या मर्यादा अनेक देशांनी ठरवल्या आहेत. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीसाठी जानेवारी २०२३ पासून घनमीटर हवेत २ मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. एक मीटर लांब, रुंद व उंच अशा पेटीतल्या हवेत २ मिलिग्रॅम, म्हणजे चिमूटभर मिठाचा अगदी लहानसा अंश. यावरून कल्पना यावी, की फुफ्फुसाला किती थोडे पुरते.

यंत्राची निगा अशी राखा

मिस्त्रींनी आणि मी मिळून एक वेळापत्रक केले. ते खडूने कारखान्याच्या दारामागे लिहिले आहे. आपल्या वाचकांत अनेक सुतार, फर्निचरवाले आणि त्यांच्या घरची मंडळी आहेत, त्यांच्यासाठी येथे देतो.

रोज : काम संपल्यावर यंत्र बंद करून दहा मिनिटे थांबावे, म्हणजे आतली धूळ खाली बसते. मग वरची पिशवी बाहेरून हाताने हलकेच झटकावी. काठीने बडवू नये. कापडावर धुळीचा पातळ थर राहिला तर तो गाळायला मदतच करतो. जाड थर मात्र हवा कोंडतो. खालची पिशवी दोन तृतीयांश भरली की रिकामी करावी, गळ्यापर्यंत भरू देऊ नये.

दर आठवड्याला : सगळ्या नळ्या हाताने चाचपून पाहाव्यात. भेग दिसली तर चिकटपट्टीवर भागवू नये, तो तुकडा बदलावा. नळी जितकी आखूड आणि जितकी सरळ, तितकी ओढ जास्त. जे मशीन चालू नाही त्याच्या नळीची झडप बंद ठेवावी. प्रत्येक तोंडाशी दोरा धरून ओढ पाहावी. उदबत्ती किंवा काडी पेटवून पाहू नये.

दर महिन्याला : अंधार पडल्यावर दिवे घालवून नुसते यंत्र चालू करावे आणि वरच्या पिशवीच्या मागे विजेरी अशी धरावी, की उजेड आपल्याकडे येईल पण डोळ्यांत जाणार नाही. कुठे गळते आहे ते झोतात धुरासारखे दिसते. मेन स्विच बंद करून आणि फ्यूज काढूनच पंख्याचे कवच उघडावे. अडकलेल्या ढलप्या आणि चिंध्या काढाव्यात. पंख्याला पट्टा असेल तर सैल आहे का ते पाहावे.

मोटरचे किंवा विजेचे काम झाले की : पंखा बाणाच्या दिशेनेच फिरतो ना, हे वायरमनसमोर पाहून घ्यावे. यंत्राला अर्थिंग आहे का तेही विचारावे.

वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर : पिशवी उतरवून उजेडासमोर धरावी. भोके दिसली, शिवण उसवलेली असली तर नवी घ्यावी. नवी घेताना ती किती मायक्रॉनची आहे ते विचारावे. जाड फेल्टची, ५ किंवा १ मायक्रॉनपर्यंत गाळणारी पिशवी महाग पडते, पण तिचा पैसा दवाखान्यात वाचतो. मात्र यंत्राची ताकद त्या पिशवीला पुरेल ना, हेही दुकानदाराला विचारावे. शक्य असेल तर यंत्र भिंतीबाहेर, पावसापासून आडोशाला बसवावे.

पिशवी झाडताना आणि रिकामी करताना नाकातोंडावर एन-९५ मास्क हवाच. करोनाच्या साथीत, २०२० साली, हा मास्क घराघरांत पोचला. तो साथ संपल्यावर सुताराने टाकून द्यायचा नव्हता. रुमाल बारीक धूळ अडवत नाही. दाढी वाढलेली असेल तर मास्कही नीट बसत नाही.

आणखी काही गोष्टी टाळाव्यात. कॉम्प्रेसरच्या हवेने कपडे, मशीन किंवा पिशवी झाडू नये. बसलेली सगळी धूळ पुन्हा उडते आणि पिशवीचे कापडही विरते. कोरडा झाडू मारण्याऐवजी ओढणाऱ्या नळीने जमीन साफ करावी. कामाचे कपडे कारखान्यातच बदलावेत. मिस्त्रींच्या घरी वहिनी रोज ते कपडे ओटीवर झटकत असत आणि त्यांनाही खोकला होता.

आगीचेही भान ठेवावे. बारीक लाकडी धूळ हवेत उडालेली असताना ठिणगी पडली तर ती दारूसारखी पेटते. इंग्लंडमध्ये बॉस्ली येथील लाकडाचे पीठ करणाऱ्या गिरणीत जुलै २०१५ मध्ये स्फोट होऊन चार माणसे मेली. म्हणून कारखान्यात विडी-काडी नको, भुशाच्या नळीत खिळे जाऊ देऊ नयेत आणि लोखंड घासायचे ग्राइंडर या यंत्राला कधीही जोडू नये.

शिमग्यापर्यंत

नवी पिशवी, नवी नळी, सरळ फिरणारा पंखा. या गोष्टीला आता पाच महिने झाले. शिमग्याच्या आधी मिस्त्री वही घेऊन आले. कामाच्या दिवशीचा संध्याकाळचा आकडा ३८० पर्यंत चढला आहे. औषध मी थोडे कमी केले, बंद केलेले नाही. त्यांनीही ते आपल्या मनाने बंद करू नये असे बजावले आहे.

ते पूर्ण बरे झाले असे मी लिहिणार नाही. धंद्यातून झालेला दमा लवकर ओळखला आणि धूळ लवकर थांबवली तर पुष्कळदा आटोक्यात येतो. उशीर झाला तर तो अंगात मुरतो. मग थोडी धूळही त्रास देते. मिस्त्रींच्या बाबतीत दोन वर्षे हातची गेली. त्यातली काही यंत्राने घालवली, काही मी. आता सँडरचे काम ते स्वतः करत नाहीत. मापे घेतात, जोडणी करतात, मास्क लावतात.

सँडरवर आता त्यांचा मुलगा असतो. जाताना मिस्त्री म्हणाले, "डॉक्टर, माझं जे झालं ते झालं. पोराची छाती एकदा बघा." मी तपासली, फुंकायला लावले. आज तरी छाती स्वच्छ आहे. त्याला मी एकच काम नेमून दिले आहे. रोज संध्याकाळी पिशवी झाडायची आणि दारामागे खडूने तारीख घालायची. मागच्या आठवड्यात त्या रस्त्याने जाताना मी मुद्दाम आत डोकावलो. दारामागे आदल्या दिवसाची तारीख होती.

आपल्या घरी कोणी लाकडाचे काम करत असेल आणि सुटीत बरे वाटून कामावर खोकला येत असेल, तर दोन गोष्टी करा. डॉक्टरांना आपले काम नीट सांगा. आणि उद्या सकाळी, कवडसा आत आला की, ते भुसा ओढायचे यंत्र नुसतेच चालू करून पाहा.